कोल्हापूर ते फ्लॉरेन्स : एकोणसाठ अंशांचे अंतर

इटलीतील फ्लॉरेन्स शहराच्या पश्चिम टोकाला आर्नो नदीवर केबलांनी तोलून धरलेला एक मोठा पूल आहे. १९७० च्या दशकात तो बांधला गेला. त्याच्या इटालियन नावाचा अर्थ आहे 'भारतीयाचा पूल'. पुलाजवळच्या काशिने नावाच्या विस्तीर्ण बागेत, मुन्योने ही छोटी नदी आर्नोला मिळते त्या जागी, एक दगडी छत्री आहे आणि छत्रीखाली फेटा बांधलेल्या एका तरुणाचा अर्धपुतळा आहे. फ्लॉरेन्सकर ज्याला नुसते 'भारतीय' म्हणतात, ते म्हणजे कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज (दुसरे). ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये त्यांचा मृत्यू झाला. तेव्हा त्यांचे वय अवघे वीस वर्षे होते.

एक राजा परदेशात मरण पावला, त्याचे अंत्यसंस्कार तिथेच झाले आणि तिथेच स्मारक उभे राहिले. इतिहासाच्या पुस्तकात ही हकीकत दोन ओळींत संपते. पण अंतर आणि वेळ यांचा विचार करणाऱ्याला ती सहज सोडत नाही. महाराजांना परत का आणता आले नाही? फ्लॉरेन्स कोल्हापूरपासून किती दूर आहे? हा आकडा तेव्हा जेवढा होता तेवढाच आज आहे. मग बदलले ते नेमके काय?

आधी तो आकडाच काढून पाहू. शाळेत पृथ्वीगोल असेल तर एक दोरा घ्यावा. त्याचे एक टोक कोल्हापूरवर आणि दुसरे फ्लॉरेन्सवर धरून तो ताणावा. तीस सेंटिमीटर व्यासाच्या गोलावर हा दोरा सुमारे साडेपंधरा सेंटिमीटर भरतो. गोलाचा परीघ ९४ सेंटिमीटर आणि खऱ्या पृथ्वीचा ४०,००० किलोमीटर. तेव्हा त्रैराशिक मांडले की साडेसहा हजार किलोमीटरच्या आसपास उत्तर येते. सातवी-आठवीची मुले हे आनंदाने करतात.

वरच्या वर्गांना त्रिकोणमिती येते. त्यांच्यासाठी अचूक रीत अशी. कोल्हापूरचे अक्षांश १६.७ उत्तर व रेखांश ७४.२ पूर्व; फ्लॉरेन्सचे अक्षांश ४३.८ उत्तर व रेखांश ११.२ पूर्व. रेखांशांतला फरक ६३ अंश. पृथ्वीच्या केंद्रापासून या दोन गावांपर्यंत दोन रेषा काढल्या, तर त्यांच्यामधल्या कोनाचा कोसाइन असा मिळतो : दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करायचा, आणि त्यात दोन्ही अक्षांशांचे कोसाइन व रेखांश-फरकाचा कोसाइन या तिघांचा गुणाकार मिळवायचा. पहिला गुणाकार ०.२८७ × ०.६९२ म्हणजे ०.१९९. दुसरा ०.९५८ × ०.७२२ × ०.४५४ म्हणजे ०.३१४. बेरीज ०.५१३. ज्याचा कोसाइन ०.५१३ आहे तो कोन ५९ अंशांहून किंचित मोठा. पृथ्वीच्या पृष्ठभागावर एक अंश म्हणजे १११.२ किलोमीटर, म्हणून अंतर सुमारे ६,५८० किलोमीटर. वर्तुळाच्या साठ अंशांना, म्हणजे पृथ्वीच्या परिघाच्या एक-षष्ठांशाला, अगदी थोडे कमी.

ताणलेला दोरा ज्या रेषेवर बसतो तिला भूगोलात बृहद्वृत्त म्हणतात. पृथ्वीच्या केंद्रातून जाणाऱ्या प्रतलाने पृष्ठभागावर कापलेले हे वर्तुळ. गोलावरच्या दोन बिंदूंमधला सर्वांत जवळचा मार्ग त्याच्याच तुकड्यावरून जातो. भिंतीवरच्या नकाशात मात्र तो सरळ दिसत नाही. नेहमीच्या मर्केटर नकाशात पट्टी ठेवून कोल्हापूर-फ्लॉरेन्स रेघ ओढली, तर ती अरबी समुद्र, इराणचे आखात आणि दक्षिण इराक यांवरून जाते. दोरा सांगतो ती वाट वेगळी आहे. ती कोकणचा किनारा ओलांडून अरबी समुद्रावरून मकरानच्या किनाऱ्याला लागते, तिथून इराणवर चढते, वायव्य तुर्कस्तानावरून बाल्कन प्रदेशात शिरते आणि एड्रियाटिक समुद्र ओलांडून फ्लॉरेन्सला उतरते. बरोबर मधला टप्पा येतो पश्चिम इराणातल्या कर्मानशाह शहराजवळ. गंमत म्हणजे या वाटेने निघालेला प्रवासी कोल्हापूर सोडताना जवळजवळ वायव्येला तोंड करून असतो आणि फ्लॉरेन्सला पोहोचताना जवळजवळ पश्चिमेला. मध्ये कुठेही वळण घेतलेले नसताना! नकाशावरच्या सरळ रेघेपेक्षा या वाटेने वाचणारे अंतर फार नाही, शंभरेक किलोमीटर. दिल्ली-न्यूयॉर्कसारख्या, उत्तर ध्रुवाच्या बाजूने जाणाऱ्या मार्गांवर हा फरक खूप मोठा होतो.

तीन आठवड्यांची वाट

१८७० साली मात्र या ६,५८० किलोमीटरच्या आकड्याला काही अर्थ नव्हता. सरळ वाटेवर वाळवंटे, डोंगर, परकी राज्ये. त्या वाटेने कोणी जात नसे. कोल्हापूरहून युरोपला जाणे म्हणजे आधी मुंबई गाठणे. कोल्हापूरला रेल्वे नव्हती. ती मिरजेहून आली १८९१ मध्ये. म्हणून पुण्यापर्यंतचा सुमारे २३० किलोमीटरचा रस्ता गाडीने किंवा घोड्यावरून कापायचा. बैलगाडीने जाणाऱ्याचे आठ-दहा दिवस यातच जात. पुण्याहून पुढे आगगाडी होती, कारण बोरघाटातला लोहमार्ग १८६३ मध्ये पुरा झाला होता.

मुंबईहून आगबोट. मुंबई ते एडन समुद्रमार्गाने सुमारे ३,००० किलोमीटर, एडन ते सुएझ सुमारे २,४००. त्या काळची चांगली आगबोट तासाला वीसेक किलोमीटर चाले. रात्रंदिवस चालून दिवसाला साडेचारशे-पाचशे किलोमीटर. म्हणजे नुसते सुएझ गाठायलाच अकरा-बारा दिवस. पावसाळ्यात नैर्ऋत्य मोसमी वारा समोरून येई आणि मुंबई-एडन टप्प्याला आणखी वेळ लागे. सुएझ कालवा १७ नोव्हेंबर १८६९ रोजी खुला झाला होता, तरी टपाल बराच काळ बोटीतून उतरवून इजिप्तच्या रेल्वेनेच अलेक्झांड्रियाला नेत. नव्या कालव्यापेक्षा जुन्या रेल्वेवर टपालखात्याचा विश्वास अधिक असावा! अलेक्झांड्रियाहून पुन्हा बोट, आणि इटलीच्या किंवा फ्रान्सच्या बंदरापासून पुढे आगगाडी. मुंबई ते लंडन असे साधारण तीन आठवडे. त्याआधीच्या पिढीच्या मानाने ही चैनच होती. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून मुंबई-लंडन अंतर होते सुमारे १९,८०० किलोमीटर. कालव्याने ते सुमारे ११,६०० वर आणले. शिडाच्या जहाजाला त्या वळशाला चार ते सहा महिने लागत.

राजाराम महाराज १८७० च्या उन्हाळ्यात याच नव्या, जलद झालेल्या वाटेने निघाले. समुद्र ओलांडणे धर्मबाह्य मानले जात असे तो हा काळ. बरोबर कॅप्टन एडवर्ड वेस्ट हे इंग्रज अधिकारी होते. महाराज इंग्रजी उत्तम जाणत आणि प्रवासात रोजनिशी लिहीत. वेस्ट यांनी संपादित केलेली ही रोजनिशी १८७२ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाली. एकोणिसाव्या शतकात युरोप पाहिलेल्या मराठी माणसाचा, तोही एका राज्यकर्त्याचा, इतका सविस्तर लेखी पुरावा विरळाच. इतिहास शिकवणाऱ्यांनी तो मिळाल्यास जरूर चाळावा.

परतीच्या वेळी युरोपात युद्ध पेटले होते. जुलै १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात लढाई सुरू झाली आणि सप्टेंबरपासून पॅरिसला वेढा पडला. लंडन-पॅरिस-मार्सेय ही हिंदुस्थानच्या प्रवाशांची नेहमीची वाट बंद झाली. आल्प्स पर्वतातून जाणारा माँ सनी बोगदा अजून पुरा व्हायचा होता. तो १८७१ मध्ये खुला झाला. राहिली जर्मनीतून ऑस्ट्रियाच्या टायरोल प्रांतात येऊन ब्रेनर खिंडीतून इटलीत उतरणारी रेल्वे, जी १८६७ मध्येच सुरू झाली होती. महाराजांची मंडळी या बाजूने, ऐन थंडीच्या तोंडावर इटलीत आली. वाटेत महाराजांची प्रकृती बिघडली आणि फ्लॉरेन्सला पोहोचल्यावर त्यांचा अंत झाला. फ्लॉरेन्स त्या वेळी इटलीची राजधानी होते.

आता प्रश्न येतो तो अंतराचा. फ्लॉरेन्सहून रेल्वेने ब्रिंडिसी बंदर, तिथून अलेक्झांड्रियाला तीन-चार दिवस, मग सुएझ, तिथून मुंबई, मग पुणे, मग रस्त्याने कोल्हापूर. घाई केली तरी तीन आठवडे. हिंदू रीतीप्रमाणे दहन लगेच व्हायला हवे. तीन आठवड्यांच्या वाटेवर पार्थिव नेणे शक्यच नव्हते. युरोपात त्या वेळी दहनाची प्रथा नव्हती. तरीही शहराच्या अधिकाऱ्यांनी खास परवानगी दिली, आणि दोन नद्यांचा संगम पाहून जागा ठरली. आपल्याकडे संगमावर अंत्यविधी करण्याची रीत आहे. पंचगंगेचा काठ नाही तर आर्नो-मुन्योनेचा संगम! रात्रीच्या वेळी तिथे चिता पेटली, आणि फ्लॉरेन्सच्या लोकांनी हे अपूर्व दृश्य पाहिले. त्या जागी १८७४ मध्ये स्मारक उभे राहिले. छत्रीचा आराखडा चार्ल्स मँट यांचा आणि पुतळा इंग्रज शिल्पकार चार्ल्स फुलर यांनी घडवलेला. याच मँटनी पुढे कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याचा आराखडा केला. नवा राजवाडा पाहायला सहल नेणाऱ्या शिक्षकांनी मुलांना हा धागा अवश्य सांगावा.

बातमी पुढे, माणूस मागे

१८७० या वर्षात आणखी एक घटना घडत होती. माझ्या मते अंतराच्या इतिहासात तिचे महत्त्व सुएझ कालव्याहूनही मोठे आहे.

१८५७ साली मेरठला उठाव झाला तो १० मे रोजी. ही बातमी लंडनला पोहोचली जूनच्या अखेरीस, सहा-सात आठवड्यांनी. कारण बातमी कागदावर होती, आणि कागद बोटीत होता. घोडा, बोट, आगगाडी यांच्यापेक्षा बातमी अधिक वेगाने धावू शकत नसे. माणूस जितका दूर तितकीच त्याची बातमी दूर, हा नियम हजारो वर्षे चालत आलेला. देशातल्या देशात तारायंत्राने तो मोडला होता, पण समुद्रापलीकडे तो टिकून होता.

फेब्रुवारी १८७० मध्ये 'ग्रेट ईस्टर्न' या त्या काळच्या सर्वांत प्रचंड जहाजाने मुंबईपासून एडनपर्यंत समुद्रतळावर तार अंथरली. ती तार तांब्याची. भोवती गटापर्चा या झाडाच्या चिकाचे विद्युतरोधक आवरण आणि त्यावर लोखंडी तारांचे चिलखत. जून १८७० पर्यंत सुएझ, अलेक्झांड्रिया, माल्टा, जिब्राल्टर असे टप्पे जोडून ती इंग्लंडच्या किनाऱ्याला पोहोचली. त्याच वर्षी सीमेन्स बंधूंची जमिनीवरची तार बर्लिन, ओडेसा, तेहरान या मार्गाने हिंदुस्थानशी जोडली गेली, आणि एप्रिलमधल्या एका चाचणीत लंडनहून कलकत्त्याला संदेश पोहोचायला २८ मिनिटे लागली. पहिल्यांदाच बातमी माणसापेक्षा हजारपट वेगाने धावू लागली.

महाराज कोल्हापूरहून निघाले तेव्हा या जाळ्याचे शेवटचे सांधे जुळत होते आणि नोव्हेंबरात त्यांचा अंत झाला तेव्हा ते पुरे झाले होते. युरोपातून मुंबईला तार यायला आता काही तास पुरे होते. बरोबर गेलेली माणसे मात्र तीन आठवड्यांखेरीज येऊ शकत नव्हती. दहा वर्षे आधी हेच घडते तर बातमी आणि माणसे एकाच बोटीतून आली असती. मधल्या काळात ज्यांना बातमी कळते पण जाता येत नाही, अशी एक नवीच अवस्था तारेने निर्माण केली. परदेशी मुले-मुली असलेल्या घरांना आज ही अवस्था चांगली ओळखीची आहे. फोन क्षणात येतो. विमान दुसऱ्या दिवशी पोहोचते.

तारेने घड्याळाचा प्रश्नही पुढे आणला. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ अंश. कोल्हापूर आणि फ्लॉरेन्स यांच्यात ६३ अंश, तेव्हा सूर्याच्या हिशेबाने फरक चार तास बारा मिनिटांचा. कोल्हापुरात माध्यान्ह तेव्हा फ्लॉरेन्सला सकाळचे सात वाजून अठ्ठेचाळीस मिनिटे. १८७० मध्ये पुष्कळ गावे आपापला सूर्य पाहून घड्याळ लावत असत. आज भारताची वेळ ८२.५ अंश पूर्व आणि इटलीची १५ अंश पूर्व रेखावृत्तावरून धरतात, म्हणून हिवाळ्यात फरक साडेचार तासांचा आणि उन्हाळ्यात, इटलीतली घड्याळे एक तास पुढे केल्यावर, साडेतीन तासांचा दिसतो. सूर्य मात्र अजून चार तास बारा मिनिटांवरच ठाम आहे. विद्यार्थ्यांना हा हिशेब दोन्ही रीतींनी करायला सांगावा. प्रमाणवेळ ही माणसाने केलेली सोय आहे हे त्यातून चांगले लक्षात येते.

बत्तीस वर्षांनी, १९०२ मध्ये, राजर्षी शाहू महाराज सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी इंग्लंडला गेले. तेव्हा कोल्हापूरहून निघायला आगगाडी होती, बोटी मोठ्या व वेगवान झाल्या होत्या, तरी वाट तीच होती आणि आठवडेही फारसे घटले नव्हते. मागासवर्गीयांना राज्याच्या नोकऱ्यांत निम्म्या जागा राखून ठेवणारा कोल्हापूर दरबारचा सुप्रसिद्ध जाहीरनामा २६ जुलै १९०२ चा, म्हणजे महाराज इंग्लंडात असतानाचा. राजा दूर असला तरी कारभार अडून राहत नव्हता.

आकाशातली वाट

विमानाने ही वाट बदलेल असे वाटले, पण सुरुवातीला विमान आगबोटीच्याच मागोमाग चालले. ३० मार्च १९२९ रोजी इंपीरियल एअरवेज कंपनीने लंडन-कराची हवाई टपाल सुरू केले. ती सेवा म्हणजे एक खिचडीच होती. लंडनहून स्वित्झर्लंडमधल्या बाझलपर्यंत विमान. बाझलहून जिनोआपर्यंत रात्रीची आगगाडी. जिनोआहून अलेक्झांड्रियापर्यंत पाण्यावर उतरणारे विमान. आणि पुढे इराक व इराणच्या किनाऱ्याने कराचीपर्यंत तिसरे विमान. एकूण सात दिवस. मध्ये आगगाडी घालावी लागली ती यंत्र कमी पडले म्हणून नव्हे. कोणत्या देशाचे विमान कोणाच्या आकाशातून जाईल याचे करार जमेनात म्हणून. काही वर्षांनी इराणशीही बिनसले आणि मार्ग आखाताच्या अरबी किनाऱ्याकडे, शारजाच्या बाजूला सरकला.

कराचीपासून पुढची जोडणी आपल्या लोकांनी केली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा 'पस मॉथ' नावाचे छोटे एकइंजिनी विमान घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला उतरले, आणि तिथून त्यांचे सहकारी नेव्हिल व्हिन्सेंट ते टपाल घेऊन बळ्ळारीमार्गे मद्रासला गेले. कोल्हापुरातही राजाराम महाराज तिसरे यांच्या काळात, १९३९ मध्ये, उजळाईवाडीला विमानतळ झाला. दुसऱ्या राजारामांच्या मृत्यूला तेव्हा सत्तर वर्षेही झाली नव्हती.

८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे 'मलबार प्रिन्सेस' हे विमान ३५ प्रवासी घेऊन मुंबईहून निघाले आणि कैरो, जिनिव्हा असे थांबत १० जूनला लंडनला पोहोचले. तीन आठवड्यांचे दोन दिवस झाले. १९६० मध्ये बोइंग ७०७ ही जेट विमाने आली आणि ताशी ९०० किलोमीटरचा वेग मिळाला. आणि इथे एक गोष्ट घडली, जिच्याकडे सहसा लक्ष जात नाही : वेग तिथेच थांबला. आजची अत्याधुनिक प्रवासी विमानेही साधारण ९०० किलोमीटरच्याच वेगाने उडतात. ध्वनीच्या वेगाजवळ हवेचा विरोध एकदम वाढतो आणि इंधन परवडत नाही. त्यापलीकडे जाणारे 'काँकॉर्ड' २००३ मध्ये निवृत्त झाले. सुधारले ते इंधन, पल्ला आणि सुरक्षितता.

तेव्हा सरळ हिशेब असा. ६,५८० भागिले ९०० म्हणजे सात तास अठरा मिनिटे. कोल्हापूरहून विमान थेट सुटले तर रात्री जेवून निघालेला माणूस कोल्हापूरच्या घड्याळाने सकाळच्या चहाच्या वेळी फ्लॉरेन्सला. प्रत्यक्षात असे विमान नाही. कोल्हापूरची धावपट्टी लहान विमानांपुरती, आणि फ्लॉरेन्सच्या पेरेतोला विमानतळाचीही धावपट्टी आखूड, शेजारी डोंगर. लांब पल्ल्याची अवजड विमाने तिथे उतरत नाहीत. म्हणून कोल्हापूर-मुंबई, मुंबई ते आखातातले किंवा युरोपातले एखादे मोठे विमानतळ, आणि तिथून फ्लॉरेन्स, असे तीन उड्डाणांचे गणित. मधले थांबे, तपासण्या, विमान बदलणे धरून वीस तासांच्या आसपास. सात तासांचा प्रवास आणि वीस तासांची वाट! कोल्हापूरची विमानसेवा अनेकदा बंद पडली आणि २०१८ मध्ये उडान योजनेखाली पुन्हा सुरू झाली. जेव्हा ती नव्हती, तेव्हा मुंबई गाठायलाच महालक्ष्मी एक्स्प्रेसची सबंध रात्र जाई. कोल्हापूर-मुंबई हवाई अंतर अवघे तीनशे किलोमीटर, रेल्वेने ते होते सुमारे ५१८. युरोपच्या विमानाला लागणाऱ्या वेळाहून घर ते मुंबई हा वेळ जास्त, हा अनुभव आपल्या भागातल्या पुष्कळांनी घेतला आहे.

इथे वर्गात हमखास येणारा एक प्रश्न. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, तर पश्चिमेला जाणाऱ्या विमानाखाली फ्लॉरेन्स आपण होऊन सरकत येईल आणि ते लवकर पोहोचेल ना? प्रत्यक्षात उलटे घडते. मुंबईहून युरोपला जायला परतीपेक्षा अर्धा-पाऊण तास अधिक लागतो. कारण पृथ्वीबरोबर तिची हवाही फिरते, आणि धावपट्टीवर उभे असतानाच विमानाला तो वेग मिळालेला असतो. चालत्या एस.टी.त वर उडी मारली तर आपण मागच्या बाकावर पडत नाही, तसेच हे. फरक पाडतात ते वारे. मध्य अक्षांशांत नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वारे असतात. हिवाळ्यात त्यांचा वेग ताशी दीडशे-दोनशे किलोमीटरही होतो. जपानचे वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात फुगे सोडून त्यांची नोंद केली होती. जगाला कळावे म्हणून त्यांनी ती एस्पेरांतो भाषेत छापली, आणि त्यामुळेच ती फारशी कोणी वाचली नाही! आगबोटीला मोसमी वारा आडवा येई, विमानाला हा.

राजकारणही तसेच आडवे येते. १८७० च्या युद्धाने महाराजांची फ्रान्समधली वाट बंद केली. सुएझ कालवा जून १९६७ च्या युद्धापासून १९७५ पर्यंत आठ वर्षे बंद होता आणि मुंबईच्या बोटी पुन्हा आफ्रिकेला वळसा घालू लागल्या. आपल्या दोऱ्याची वाट मकरानवरून, म्हणजे पाकिस्तानवरून जाते. ते आकाश फेब्रुवारी २०१९ पासून जुलैच्या मध्यापर्यंत आणि एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा भारतीय विमानांना बंद झाले. जून २०२५ मध्ये इराणचे आकाशही काही दिवस मिटले. अशा वेळी विमाने दक्षिणेकडून अरबस्तानावरून जातात. जुन्या आगबोटींचा मार्ग त्यांच्या खालीच कुठेतरी असतो. वैमानिकाच्या नकाशावर कर्मानशाहवरून जाणारी ती रेघ असते, पण ती वापरायला मिळेलच असे नाही.

एवढे करून जो कोणी फ्लॉरेन्सला उतरेल, त्याला शेवटचा टप्पा सोपा आहे. पेरेतोला विमानतळ शहराच्या वायव्येला आहे आणि काशिने बागेचे पश्चिम टोक तिथून दोन-तीन किलोमीटरवर. छत्रपतींच्या त्या छत्रीपर्यंत पायी जायलाही तासभर पुरतो.